झेंडूच्या माहेरचे उद्योग

दसऱ्याला ज्याच्यावाचून दाराला तोरण नाही, पाडव्याला ज्याच्यावाचून वहीपूजन नाही आणि ज्याची माळ गळ्यात पडल्याशिवाय आमच्या अंधेरीच्या रिक्षावाल्याची रिक्षा त्या दिवशी जागची हलत नाही, तो झेंडू मूळचा आपला नव्हे असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटणार नाही. देवादिकांच्या पायांशी इतका रुळलेला हा झेंडू परका कसा असेल? परंतु गोष्ट खरी आहे. झेंडूचे माहेर मेक्सिको. सोळाव्या शतकानंतर युरोपातील दर्यावर्द्यांच्या गलबतांतून तो इकडच्या किनाऱ्याला लागला आणि इथल्या मातीत असा काही नांदला की त्याच्या माहेराची आठवण कोणालाच राहिली नाही. त्याच्या मागेपुढे त्याची भावंडेही आली. मिरची आली, टोमॅटो आला, मका आला, चिकू आला. मिरची येण्यापूर्वी आपले पूर्वज मिऱ्यांवर भागवीत असत, म्हणजे ठेचा नावाची वस्तू त्यांच्या ताटात नव्हती, हे ऐकून आमच्या शेजारच्या आजींनी पूर्वजांविषयी मनापासून हळहळ व्यक्त केली. आणि डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूची आपण इतकी वाखाणणी करतो, त्याच झाडाच्या चिकापासून मेक्सिकोत च्युइंगगम करीत असत असे कळल्यावर मुले चिकूकडे एकदम आदराने पाहू लागतात.

हे माहेरपुराण आज काढण्याचे कारण निराळे आहे. दिवाळीची सुटी लागली की बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत घरोघर एकच पालुपद सुरू होते: "आई, आता मी काय करू?" अंगणे गेली. सोसायटीच्या कोपऱ्यात जिथे ढीगभर माती शिल्लक आहे तिथे अजून किल्ला उभा राहतो, मावळे चढतात, हळिवाची शेते उगवतात. जिथे ती नाही, तिथे किल्लाही जिन्याखाली किंवा गच्चीत अंग चोरून बसतो. एक किल्ला, एक आकाशकंदील आणि चार पणत्या रंगवून झाल्या की उरलेले दिवस मोबाईलच्या स्वाधीन. त्या उरलेल्या दिवसांसाठी झेंडूच्या माहेरचे काही उद्योग येथे सुचवावयाचे आहेत. पहिली ते चौथीच्या मुलांना ते जमतात, आणि सामान म्हणाल तर पतंगाचा कागद, पार्सलबरोबर घरी येणारे पुठ्ठ्याचे खोके, वह्यांना कव्हरे घालून उरलेला खाकी कागद आणि मैद्याची खळ. बस्स.

एक अट मात्र आधीच सांगून ठेवते. हात मुलाचे असले पाहिजेत.

ही अट सांगावी लागते याचेच वाईट वाटते. पूर्वी शाळेत हस्तव्यवसाय नावाचा तास असे. आता त्याला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. रात्रीचे अकरा वाजले आहेत, आई पुठ्ठा कापते आहे, बाबा डिंकाची बाटली शोधत आहेत आणि ज्याचे प्रोजेक्ट तो गाढ झोपला आहे, हे दृश्य आपल्या उपनगरांत कोणाला नवीन आहे? ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी शाळेजवळच्या दुकानात ते तयार करून मिळते. दुसऱ्या दिवशी त्या गुळगुळीत वस्तूला लाल शाईचा तारा मिळतो, आणि ज्याने स्वतःच्या हाताने वाकडेतिकडे काही केले होते ते मूल आपली वस्तू दप्तरातच ठेवते. आठ वर्षांच्या जिवाला त्यातून एकच गोष्ट समजते: आपल्या हाताने झालेले दाखविण्यासारखे नसते. कागद कापायला न येणे ही फार मोठी गोष्ट नव्हे, पण ही समजूत मोठेपणीही पुसत नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडे हस्तकला थोड्या का आहेत, की थेट मेक्सिकोला जावे? थोड्या नाहीत, हीच तर अडचण आहे. मुलगी रांगोळी काढू लागली की आईचे बोट शिवशिवते, कारण ठिपक्यांचे कमळ कसे दिसावयास हवे हे आईला पाठ असते. आजोबांना कंदिलाच्या करंज्या ठाऊक असतात. "थांब, तुला नाही जमणार, मीच करते," हे वाक्य मायेपोटीच येते. पण मेक्सिकोच्या मगरीचे चित्र कसे असावयास हवे हे घरात कोणालाच ठाऊक नाही! तिथे आई आणि मूल एकाच पायरीवर. परक्या विद्येचा हा फायदा मी पुष्कळ मुलांबरोबर बसून पाहिला आहे. ज्या घरात कोणी जाणकार नाही, त्या घरात मूल धीट होते.

आणि मेक्सिको आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. इंग्रज सरकारने मायदेशाची दारे बंद केल्यावर हा क्रांतिकारक मेक्सिकोत जाऊन शेतकीशास्त्रज्ञ झाला. चापिंगो येथील शेतकी विद्यालयात त्यांनी शिकविले, मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या. तिथला थोर चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा स्नेही. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर रिवेराने रंगविलेल्या चित्रात, मेजाच्या अग्रभागी बसून भाकरी मोडणारा जो गृहस्थ दिसतो तो आपला हा वऱ्हाडच्या शेजारचा माणूस. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोला २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. मुलांना ही हकीकत आधी सांगावी. मग नकाशातला तो देश आपोआप जवळ येतो.

आता उद्योगाला लागू. सुरुवात अर्थात झेंडूपासूनच.

मेक्सिकोच्या खोऱ्यात राज्य करणाऱ्या ॲझ्टेक लोकांची भाषा नाहुआत्ल. त्या भाषेत झेंडूचे नाव आहे सेंपोहुआलशोचित्ल, म्हणजे ‘वीस-फूल’. पाकळ्या पुष्कळ, म्हणून वीस. कारण त्यांचे सारे मोजणे विसांचे. आपल्याही खेड्यांतल्या म्हाताऱ्या ‘तीन विसा आणि पाच’ असे वय सांगत, हे काहींना आठवत असेल. तेव्हा आपले कागदी झेंडूही वीस थरांचे करावे. वाटी उपडी ठेवून पिवळ्या व केशरी पतंगाच्या कागदावर गोल आखावे, कागदाची घडी घालून चार-पाच गोल एकदम कापावे आणि कडेला कात्रीने बारीक चिरा द्याव्या. वीस गोल झाले की मधोमध दोरा ओवून खाली गाठ मारावी आणि वरचा एकेक गोल बोटांनी चुरगाळून उभा करावा. सोळाव्या-सतराव्या गोलावर मुलाचा धीर सुटतो. तेव्हा मोजणी मोठ्याने करावयास लावावी. चुरगाळण्यात चूक होऊच शकत नाही, हा या फुलाचा मोठा गुण.

मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी घरातली गेलेली माणसे परत भेटीला येतात अशी श्रद्धा आहे. त्यांच्या तसबिरींपुढे आवडीचे पदार्थ मांडतात, दिवे लावतात आणि त्यांना घराची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात. २०२४ साली आपले लक्ष्मीपूजन नेमके १ नोव्हेंबरला आले होते, म्हणजे त्या दिवशी पृथ्वीच्या दोन्ही अंगांना दारात झेंडू आणि ज्योत होती. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमदीप आपण लावतोच. मुले विचारतात की दक्षिणेलाच का. उत्तर देताना पणजोबांचा जुना फोटो कपाटातून खाली काढावा आणि मुलाने केलेले फूल तिथे वाहू द्यावे.

वीस मोजून झाले की लिहावयास शिकवावे. ॲझ्टेकांचे आकडे सोपे: एकाला एक ठिपका, विसाला एक निशाण, चारशेला एक पीस आणि आठ हजारांना एक झोळी. शून्याची भानगड नाही, उभी-आडवी मांडणी नाही, चिन्हे नुसती ओळीने काढावयाची. आजीचे वय त्र्याहत्तर असेल तर तीन निशाणे आणि तेरा ठिपके. यावरून मुलांनीच एक सुंदर वस्तू शोधून काढली आणि ती मी सर्वांना सुचविते: दारावरची पाटी. चौथ्या मजल्यावरच्या ४०२ क्रमांकाच्या घराला एक पीस आणि दोन ठिपके. १२०३ ला तीन पिसे, तीन ठिपके. चाळीतल्या सतरा नंबरच्या खोलीला सतरा ठिपके काढावे लागले म्हणून तिथला मुलगा हिरमुसला. त्याला सांगितले की तुझीच पाटी सर्वांत भरगच्च दिसते. ३०४ ला काय येईल हे वाचकांनी स्वतः करून पाहावे.

याच विसांवर त्यांचे पंचांग चाले, आणि त्या पंचांगाची चकती हा माझा सर्वांत आवडता उद्योग. दिवसांना वीस नावे होती: मगर, वारा, घर, सरडा, साप, मृत्यू, हरीण, ससा, पाणी, कुत्रा, माकड, गवत, वेत, वाघ, गरुड, गिधाड, भूकंप, गारगोटी, पाऊस आणि फूल. (वाघ म्हणजे तिकडचा ठिपक्यांचा जॅग्वार.) या नावांबरोबर एक ते तेरा हे आकडे फिरत. पहिला दिवस एक मगर, दुसरा दोन वारा, असे करीत तेरावा दिवस तेरा वेत. चौदाव्या दिवशी आकडा पुन्हा एकावर येतो, पण नाव पुढे चालते, म्हणून एक वाघ. मग दोन गरुड. अशी फिरत फिरत एक मगर ही जोडी पुन्हा यायला २६० दिवस लागतात. मुले म्हणतील, हे काय विचित्र! त्यांना म्हणावे, अंगारकी कशी येते ते सांगा. वारांचे चाक वेगळे, तिथींचे चाक वेगळे, आणि मंगळवार व संकष्टी एकत्र भेटली की अंगारकी. आपलेही पंचांग चाकात चाक घालूनच चालते; रोज पाहतो म्हणून लक्षात येत नाही, एवढेच.

चकत्या पुठ्ठ्याच्या कराव्या, एक तेरा सेंटिमीटर व्यासाची व दुसरी वीस. ही मापे मुद्दाम दिली आहेत. ती घेतली की लहानीवरची तेरा घरे आणि मोठीवरची वीस घरे सारख्याच रुंदीची होतात, साधारण तीन सेंटिमीटर आणि एक मिलिमीटर. कागदाच्या पट्टीवर तेवढ्या अंतराने खुणा करून पट्टी चकतीच्या कडेला लपेटावी आणि खुणा उतरवून घ्याव्या. शेवटी थोडी फट उरते, ती एखाद्या घरात जिरवून टाकावी. लहानीवर आकडे लिहावे, मोठीवर मगरीपासून फुलापर्यंत चित्रे काढावी. दोन्ही चकत्या एकमेकींना टेकतील अशा एका मोठ्या पुठ्ठ्यावर टाचण्यांनी बसवाव्या आणि रोज सकाळी एकेक घर पुढे सरकवावे. एक गोष्ट विसरू नये: दोन चकत्या उलटसुलट दिशांना फिरतात, म्हणून एकीवरचा क्रम घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि दुसरीवरचा त्याच्या उलट लिहावा. नाहीतर दुसऱ्याच दिवशी गाडी अडते. लक्ष्मीपूजनाला एक मगर धरून चक्र सुरू करावे. ॲझ्टेक घरात मूल ज्या दिवशी जन्मे त्या दिवसाचे नाव त्याला मिळे. आपल्याकडे नक्षत्रावरून नावरस नाव काढतात तसेच. हे कळले की इमारतीतली सगळी मुले एकमेकांना चार हरीण, सात फूल अशा हाका मारू लागतात. ती दोन दिवसांत थांबतात, काळजी करू नये.

या वीस दिवसांचे कोरीव वर्तुळ त्यांच्या प्रसिद्ध सूर्यशिळेवर आहे. मेक्सिको शहराच्या चौकात १७९० च्या डिसेंबरात ती जमिनीखाली सापडली. व्यास साडेतीन मीटरांहून अधिक, वजन चोवीस टनांच्या घरात. दगड ज्वालामुखीचा, आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीच्याच जातीचा काळा बेसॉल्ट. टेकडीला हात लावून आलेल्या मुलाला ही शिळा समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा मोठा उद्योग पोथीचा. ॲझ्टेक लोक पुस्तके लिहीत नसत, रंगवीत. झाडाच्या सालीचा लांबच लांब कागद, कधी हरणाचे कातडे, आणि त्याच्या पेटीच्या भात्यासारख्या घड्या. १५२१ साली १३ ऑगस्टला त्यांची राजधानी स्पॅनिश सेनापती कोर्तेसच्या हाती पडली. त्यानंतरच्या वर्षांत अशा पोथ्यांच्या होळ्या झाल्या. जुन्या पोथ्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्याच आज शिल्लक आहेत. बाकीच्या आपण पाहतो त्या पुढे जुन्या रीतीने पुन्हा काढलेल्या. त्यांतली एक मेक्सिको शहराच्या संग्रहालयात जपली आहे. त्यांचे पूर्वज अस्तलान नावाच्या बेटावरून निघून सरोवराकाठी कसे आले याची ती प्रवासकथा. तीत प्रवास दाखवावयाचा म्हणजे काय केले आहे? नुसती पावले काढली आहेत! इकडून तिकडे एकामागून एक उमटत गेलेली अनवाणी पावले. ज्या मुलीने गौरी येतात तेव्हा दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढली आहेत, तिला हे चित्र पाहताच वाचता येते. तिला कोणी शिकवावे लागत नाही. बोलणे दाखवावयाचे तर तोंडापुढे वेलांटीसारखा बाक काढीत. बाकाला फुले काढली की ते गाणे.

खाकी कागदाच्या पट्ट्या खळीने जोडून हातभर लांबीची आठ घड्यांची पोथी करावी, दोन टोकांना पुठ्ठा लावावा आणि मुलाला एकही अक्षर न लिहिता दिवाळीच्या सुटीतला एक दिवस त्यात मांडावयास सांगावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंतची चाल पावलांनी फार छान उतरते. मुलुंडच्या एका मुलाने रेल्वेचा प्रवास कसा दाखवावा यावर अर्धा दिवस विचार केला आणि शेवटी पावलांऐवजी रुळाच्या दोन रेघा काढून त्यांवर दाटीदाटीने पन्नासएक पावले एकमेकांवर चढविली. सकाळी सव्वाआठच्या गाडीचे याहून खरे चित्र मी पाहिले नाही. त्याच पोथीत आईच्या तोंडापुढची वेलांटी पान ओलांडून पुढच्या पानावर गेली होती. आईने ती हसून सोसली. असे काही निघाले तर घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

ज्या सरोवराकडे ती पावले गेली, तिथे निवडुंगावर बसलेला गरुड दिसला आणि १३२५ साली तिथेच पाण्यात तेनोच्तित्लान शहर वसले अशी कथा आहे. मेक्सिकोच्या झेंड्यावर तो गरुड आजही आहे. सरोवरातले शहर, काठाला जोडणारे बांध, गाळाच्या वाफ्यांवर केलेली शेती. किल्ल्याच्या उरलेल्या मातीतून हे सारे एका परातीत पाणी घालून उभे करता येते. मुंबईच्या मुलांना ते लवकर कळते. आपली साष्टीही माहीमच्या कॉजवेने १८४५ साली मुंबईला जोडली गेली, आणि आपणही पाणी बुजवून बुजवूनच राहिलो आहोत. तेनोच्तित्लानचे सरोवर बुजत जाऊन त्यावर आजचे मेक्सिको शहर पसरले आहे.

लहानसहान उद्योग भराभर सांगून टाकते. पताकांचे कातरकाम तिकडे फार नामांकित. पुएब्ला प्रांतातील वीशकोलोत्ला गावचे कारागीर पतंगी कागदाची चळत खाली ठेवून छिन्नी-हातोडीने एकदम पन्नासएक पताका कोरतात. आपण घड्या घालून कात्रीने कापाव्या. गणपतीच्या मखरासाठी ज्यांनी कागद कातरला आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. नाताळात तिकडे सात शिंगांच्या चांदणीच्या आकाराची, कागदाने मढविलेली हंडी टांगतात आणि डोळे बांधून काठीने फोडतात. तिला पिन्याता म्हणतात. दहीहंडीपेक्षा एका बाबतीत मला ती अधिक न्यायाची वाटते: खालच्या थरातल्या मुलाचे नशीब नुसते खांदे चेपून घेण्याचे असते, इथे प्रत्येकाला काठी मारण्याची पाळी मिळते. मडके नको असल्यास फुग्यावर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवून चार दिवस वाळवावे. खळीत थोडी मेथीची पूड टाकली तर कीड लागत नाही. आपल्या आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत तेव्हा हेच करीत.

खराट्याच्या दोन काड्या फुलीसारख्या बांधून त्यांवर रंगीत लोकर गुंडाळतात त्याला ‘देवाचा डोळा’ म्हणतात. प्रत्येक काडीला एक वेढा देऊन पुढच्या काडीवर जावयाचे, इतकेच. मात्र ही वस्तू ॲझ्टेकांची नव्हे, डोंगरात राहणाऱ्या विशारिका लोकांची आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. आपल्या उपनगरांत कोळी आहेत, आगरी आहेत, ईस्ट इंडियन आहेत, वारली आहेत; त्यांना कोणी सरसकट एकच नाव दिले तर कसे वाटेल?

यावरूनच पुढचे बोलावयाचे आहे, आणि ते थोडे नाजूक आहे. मेक्सिको म्हटले की डोक्याला कागदी पिसे, तोंडाला रंग आणि नाचत आरोळ्या, असे सोंग शाळांच्या संमेलनांत निघते. ते मला रुचत नाही. नाहुआत्ल बोलणारी माणसे आज मेक्सिकोत आहेत. तिथल्या २०२० च्या जनगणनेत ती सोळा लाखांहून अधिक भरली. ती शेती करतात, बसने कामावर जातात, त्यांची मुले शाळेत जातात. मोठी मुले कुठेतरी वाचून विचारतात, की ते लोक माणसे बळी देत ना? खरे तेच सांगावे: देत असत. आणि त्याच शहरात साध्या घरांतल्या मुलांसाठीही वस्तीवस्तीत शाळा होत्या, हेही त्याच दमात सांगावे.

आता सालीच्या कागदाची गोष्ट. अमाते हे वड-उंबराच्या कुळातले झाड. त्याची साल उकडून, दगडाने बडवून सान पाब्लितो गावचे ओतोमी लोक आजही कागद करतात. गेरेरो प्रांतातील नाहुआ कुंभार पूर्वी मडक्यांवर चित्रे काढीत. १९६० च्या सुमारास त्यांनी हा कागद हाती घेतला, त्यावर आपली लग्ने, आपली शेते, आपल्या जत्रा रंगविल्या, आणि ती चित्रे जगभर गेली. हे वाचताना वारल्यांची आठवण होणारच. लग्नात सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहावयाचा चौक, त्यातली पालघाट देवी. १९७० नंतरच्या वर्षांत ती कला कागदावर उतरली. डहाणू भागातले जिव्या सोमा म्हसे यांनी तिला जगापुढे नेले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. दोन खंडांत दोन आदिवासी समाजांची कला अवघ्या दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने कागदावर आली.

आणि आमच्या शाळांतून काय होते? दोन त्रिकोण जोडून माणूस, मध्ये तारपा, भोवती वेटोळे. तेच चित्र पिशवीवर, पेन ठेवायच्या डब्यावर, पणतीवर. आरे वसाहतीतल्या आणि बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात, आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडांच्या पलीकडे. पण हे ते चित्र काढणाऱ्या दहा मुलांपैकी एकालाही कोणी सांगितलेले नसते. म्हणून माझे मागणे असे, की अमातेचा उद्योग करताना ना वारल्यांची नक्कल करावी, ना नाहुआंची. त्यांनी जे केले ते करावे, म्हणजे आपले रोजचे जगणे काढावे. खाकी कागद पाण्यात बुडवून, चुरगाळून, उलगडून वाळवला की हुबेहूब सालीसारखा सुरकुततो. त्यावर मुलाने आपली सोसायटी काढावी. रखवालदार, दूधवाला, गच्चीवरच्या टाक्या, जिन्यात बसलेली मांजर, पाचव्या मजल्यावर रोज रागावणारे काका. घाटकोपरच्या एका मुलीने साऱ्या इमारतीत एकही माणूस काढला नाही, फक्त गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे काढले, आणि कोणते घर कोणाचे हे आम्हां सर्वांना ओळखू आले. तिच्या आईचा हात दोनदा पेन्सिलीकडे गेला होता. दोन्ही वेळा तो तिने मागे घेतला.

राहता राहिला खरा झेंडू. भाऊबीज झाली की वाळलेले तोरण निर्माल्यात टाकण्यापूर्वी त्यातली चार फुले मुलांच्या हाती द्यावी. वाळलेली पाकळी उपटली की तिच्या बुडाशी सुईसारखे काळे, टोकाला फिकट असे बी निघते. करवंटीला खाली भोक पाडून त्यात माती भरावी, बी आडवे टाकून वर चिमूटभर माती पसरावी आणि ती खिडकीच्या जाळीत उन्हाला ठेवावी. सगळीच रुजतील असे नाही, हल्लीच्या संकरित फुलांत बी कमी धरते. म्हणून वीस टाकावी. आठवड्याभरात कोंब दिसतात, दोनेक महिन्यांत कळी येते. रोपाला पाच-सहा पाने फुटली की कुंडीत हलवावे, आणि पाणी बेताचेच घालावे.